परिवलन की परिभ्रमण? फिरणाऱ्या वस्तूची गती ओळखण्याची रीत

स्वतःच्या आसाभोवती फिरणे म्हणजे परिवलन आणि दुसऱ्या वस्तूभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण, ही व्याख्या शाळेत लवकरच पाठ होते आणि पृथ्वीच्या बाबतीत ती पुरेशीही ठरते. परंतु नवरात्रात नाशिकच्या कालिकामातेच्या यात्रेत उभारलेल्या रहाटपाळण्याकडे बोट दाखवून, ‘त्यात बसलेल्या माणसाचे परिवलन होते का?’ असे विचारले, की व्याख्या पाठ असलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर डळमळते. आणि चंद्राविषयी विचारले, तर मोठ्यांचेही. व्याख्येत दोष नाही, ती प्रत्यक्ष वस्तूला लावायची कशी, हे मात्र आपण सहसा शिकवत नाही. ‘आस वस्तूच्या आतून जातो की बाहेरून’ हा नेहमीचा निकष बहुतेक वेळा कामी येतो, पण अवघड उदाहरणांत फसतो. त्यापेक्षा वस्तूवर एक बाण काढून त्याची दिशा तपासणे ही रीत मला अधिक भरवशाची वाटते. पुढील सर्व पायऱ्या तिच्याच आधारे मांडल्या आहेत.

साहित्य घरातलेच पुरेल: खडू, एकाच मूल्याची दोन नाणी, होकायंत्र असलेला मोबाइल, सुमारे एक मीटर लांबीची सरळ काठी, गवंड्याकडचा ओळंबा आणि नोंदींसाठी वही. शिक्षकांनी हे प्रयोग एकाच तासात उरकू नयेत. त्यांपैकी दोन प्रयोगांना तर काही आठवडे लागतात.

पहिली पायरी: कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहोत, ते ठरवणे

‘पंखा फिरतो’ या वाक्यात वस्तू कोणती? संपूर्ण पंखा ही एक वस्तू मानली, तर त्याचे केवळ परिवलन होते, कारण त्याचे केंद्र जागचे हलत नाही. पण पात्याच्या टोकाला खडूने एक ठिपका काढला आणि तोच आपला विषय ठरवला, तर तो ठिपका मधल्या दांड्याभोवती परिभ्रमण करतो. एकच पंखा, एकच बटण, आणि तरीही दोन वेगळी उत्तरे येतात. दोन्ही बरोबर आहेत. वर्गात होणारे निम्मे वाद केवळ वस्तू न ठरवल्यामुळे होतात. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीच्या आरंभी ‘वस्तू’ असा रकाना करावा आणि तो भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दाराचे उदाहरणही याच पायरीवर तपासून पाहावे. दार बिजागरीभोवती फिरते. आस दाराच्या कडेला आहे, धड आतही नाही आणि पुरता बाहेरही नाही. आत-बाहेरचा निकष इथे अडखळतो. त्यासाठीच दुसरी पायरी आहे.

दुसरी पायरी: बाण काढणे आणि दूरच्या खुणेशी ताडून पाहणे

वस्तूवर खडूने एक बाण काढावा. त्यानंतर जी आपल्या प्रयोगाबरोबर फिरणार नाही अशी दूरची एक खूण निवडावी. ज्यांच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, त्यांना तो उत्तम. घरात बसून प्रयोग करणाऱ्यांनी होकायंत्राची उत्तर दिशा घ्यावी. मग दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. बाणाची दिशा त्या खुणेच्या संदर्भात बदलते का? बदलत असेल, तर वस्तूचे परिवलन होत आहे. वस्तूचे केंद्र एखाद्या बिंदूभोवती जागा बदलत पुढे जाते का? जात असेल, तर परिभ्रमण होत आहे. एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर कधीही गृहीत धरू नये. दोन्ही ‘हो’ असू शकतात, एकच ‘हो’ असू शकते, किंवा सरळ रुळावर सरकणाऱ्या ट्रॉलीप्रमाणे दोन्ही ‘नाही’ असू शकतात.

दार आता सुटते. ते काटकोनात उघडले, तर बाण ९० अंशांनी वळला, म्हणजे परिवलन झाले. शिवाय दाराच्या मध्यबिंदूने बिजागरीभोवती पाव वर्तुळ कापले. सरळ रस्त्यावर धावणाऱ्या सायकलच्या चाकाचे परिवलन होते, पण परिभ्रमण होत नाही, कारण चाकाचा मध्य सरळ रेषेत जातो.

तिसरी पायरी: तुळशीवृंदावनाभोवती दोन प्रकारे फिरून पाहणे

हा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्यावा. मोबाइलमधील होकायंत्र उघडून तो छातीसमोर आडवा धरावा आणि वृंदावनाला नेहमीसारखी, ते उजव्या हाताला ठेवून, एक प्रदक्षिणा घालावी. वृंदावनाच्या दक्षिणेला उभे असताना आपले तोंड पश्चिमेकडे असते, पश्चिमेला पोहोचल्यावर उत्तरेकडे, उत्तरेला पोहोचल्यावर पूर्वेकडे आणि पूर्वेला आल्यावर दक्षिणेकडे. प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत होकायंत्राने पूर्ण ३६० अंशांचा फेरा केलेला असतो. आपण जागच्या जागी गिरकी घेतली नाही असे वाटत असले, तरी आपले एक परिभ्रमण आणि एक परिवलन झालेले असते. लोखंडी जाळी किंवा मोटारसायकल जवळ असेल, तर होकायंत्र भरकटते; त्यामुळे अंगण मोकळे असावे.

दुसऱ्या फेरीत तोंड सतत उत्तरेकडेच ठेवावे. कधी पुढे, कधी आडवे, कधी पाठमोरे पाऊल टाकत वृंदावनाभोवती फिरावे. होकायंत्राचा आकडा जवळपास स्थिर राहतो. या वेळी परिभ्रमण झाले, परिवलन झाले नाही. आणि वृंदावनाच्या जागी उभा असलेला माणूस आपला चेहरा, दोन्ही बाजू आणि पाठ, सर्व काही पाहू शकला असता.

चंद्राचे कोडे येथेच उलगडते. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते, म्हणून तो स्वतःभोवती फिरत नाही, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो फिरत नसता, तर दुसऱ्या फेरीप्रमाणे त्याची प्रत्येक बाजू आपल्याला महिनाभरात दिसली असती. त्याला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला सुमारे २७.३ दिवस लागतात आणि पृथ्वीभोवती एक फेरी घ्यायलाही तितकेच दिवस लागतात, म्हणून पलीकडची बाजू कायम लपून राहते. ती माणसाने प्रथम पाहिली ऑक्टोबर १९५९ मध्ये, सोव्हिएत संघाच्या लुना ३ या यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत. या दोन गती खरोखरच वेगवेगळ्या आहेत याचा एक सुंदर पुरावा म्हणजे, कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने चंद्राचे परिभ्रमण कधी जलद, कधी मंद होते, पण त्याचे परिवलन जवळपास एकाच लयीत चालते. त्यामुळे तो आपल्याला किंचित डावी-उजवीकडे मान हलवल्यासारखा दिसतो. अशाच लहान डोलण्यांमुळे त्याचा निम्म्याहून थोडा अधिक, सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग आपण पृथ्वीवरून टप्प्याटप्प्याने पाहू शकतो. चंद्र एखाद्या दांड्याला ठोकून बसवलेला असता, तर हे घडले नसते.

चौथी पायरी: परिवलनाविना परिभ्रमण शोधणे

आता रहाटपाळण्याकडे वळू. मोठे चाक स्वतःच्या आसाभोवती फिरते, म्हणजे त्याचे परिवलन होते. त्याला टांगलेला पाळणा मात्र वर असो वा खाली, तळ जमिनीकडे आणि छत आकाशाकडेच ठेवतो. पाळण्यावर वरच्या दिशेचा बाण काढला, तर तो पूर्ण फेरीत वरच रोखलेला राहतो, म्हणून किरकोळ झुलणे सोडल्यास पाळण्याचे केवळ परिभ्रमण होते. येथे आणखी एक तपासणी करता येते आणि ती फारशी सांगितली जात नाही. पाळण्यात बसलेल्या माणसाच्या डोक्याने आखलेले वर्तुळ आणि त्याच्या पायांनी आखलेले वर्तुळ अगदी एकाच आकाराची असतात; फक्त त्यांची केंद्रे वेगळी असतात. केवळ परिभ्रमण करणाऱ्या वस्तूचा प्रत्येक कण समान त्रिज्येचे वर्तुळ काढतो. त्याउलट, स्थिर आसाभोवती परिवलन करणाऱ्या वस्तूच्या सर्व कणांच्या वर्तुळांची केंद्रे एकाच आसावर असतात आणि त्यांच्या त्रिज्या आसापासूनच्या अंतरानुसार लहानमोठ्या होतात. उंच फळ्यावर ही दोन चित्रे शेजारी शेजारी काढून दाखवावीत. तोंडी वर्णनाने हे पटत नाही.

त्याच यात्रेतील लाकडी घोड्यांच्या चक्राची गोष्ट वेगळी आहे. तेथील घोडा चक्राला घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे त्याचे तोंड एकदा पूर्वेला, एकदा दक्षिणेला होत जाते आणि त्याच्या दोन्ही गती एकदम चालतात.

घरात जाते असेल, तर ते अवश्य पाहावे. वरच्या तळीचे परिवलन होते. तिच्यात ठोकलेला खुंटा तळीबरोबर मधल्या खिळीभोवती परिभ्रमण करतो आणि तळीला घट्ट बसलेला असल्यामुळे स्वतःभोवतीही वळतो. दळणाऱ्या बाईची मूठ मात्र खुंट्याबरोबर वर्तुळात जात असूनही स्वतःभोवती पूर्ण फेरी घेत नाही. तसे झाले असते, तर मनगटाला पीळ पडला असता. खुंटा मुठीत फिरतो. सायकलच्या पायट्याचेही असेच आहे: तो पावलाखाली आडवाच राहतो आणि त्यासाठीच त्याच्या दांड्यात बेअरिंग बसवलेले असते.

पाचवी पायरी: फेऱ्यांची मोजणी

दोन समान नाणी टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवावीत. एक बोटाने दाबून स्थिर धरावे आणि दुसरे, कडा घसरू न देता, त्याच्या कडेवरून गडगडवत पूर्ण वळसा घालवावा. हलणारे नाणे वरच्या बाजूला ठेवून त्यावरील सिंहमुद्रा सरळ दिसेल अशी सुरुवात करावी. ती मुद्राच आपला बाण. दोन्ही परिघ समान असल्याने एका वळशात एकच परिवलन होईल, असे बहुतेकांना वाटते. परंतु नाणे अर्ध्या वाटेवर, म्हणजे स्थिर नाण्याच्या बरोबर खाली पोहोचते, तेव्हाच मुद्रा पुन्हा सरळ झालेली दिसते, आणि वळसा पूर्ण होईपर्यंत दोन परिवलने झालेली असतात. एक परिवलन गडगडण्यामुळे आणि दुसरे केवळ वळसा घातल्यामुळे, जसे ते प्रदक्षिणेत आपोआप झाले होते. कडा घसरत असल्यास नाण्यांऐवजी बाटलीची दोन खाचेदार झाकणे घ्यावीत.

हा हिशेब भल्याभल्यांना चकवतो. १९८२ साली अमेरिकेतील एसएटी या प्रवेशपरीक्षेत, एक तृतीयांश त्रिज्येचे वर्तुळ मोठ्या वर्तुळाभोवती गडगडत गेल्यास किती वेळा फिरेल, असा प्रश्न आला होता. परीक्षकांनी तीन हे उत्तर धरले होते. खरे उत्तर चार, आणि ते पर्यायांतच नव्हते! विद्यार्थ्यांनी चूक दाखवून दिल्यावर त्या प्रश्नाचे गुण बाद करावे लागले.

पृथ्वीच्या बाबतीत हाच एकचा फरक उलट्या बाजूने दिसतो. वर्षात सूर्योदय सुमारे ३६५.२४ होतात, पण दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची परिवलने सुमारे ३६६.२४ होतात, एक फेरी सूर्याभोवतीच्या वळशात खर्च झालेली असते. म्हणूनच पृथ्वीचे एक परिवलन २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचे आहे, २४ तासांचे नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडताना ४३,२०,००० वर्षांच्या युगात तिच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या होतात, असा आकडा दिला होता. त्याच्याच गणितात युगाचे सावन दिवस, म्हणजे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचे दिवस, १,५७,७९,१७,५०० आहेत. विद्यार्थ्यांना ही वजाबाकी करायला सांगावी. उत्तर बरोबर ४३,२०,००० येते: प्रत्येक वर्षाला एक फेरी.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा एकचा फरक प्लॅनेटरी गिअरबॉक्समध्ये भेटतो. मधल्या सन गिअरभोवती फिरणाऱ्या प्लॅनेट गिअरच्या फेऱ्या कॅरिअरच्या, म्हणजे ते गिअर ज्यावर बसवलेले असतात त्या चौकटीच्या, संदर्भात मोजल्या की एक आकडा मिळतो आणि बाहेरच्या स्थिर कवचाच्या संदर्भात मोजल्या की कॅरिअरच्या प्रत्येक वळशामागे एकाने वेगळा आकडा मिळतो. फेऱ्यांसोबत ‘कशाच्या संदर्भात’ हे न लिहिलेली नोंद निरुपयोगी समजावी.

सहावी पायरी: गच्चीवरून पृथ्वीच्या दोन्ही गती वेगळ्या करणे

गच्चीच्या सपाट भागावर काठी ओळंब्याने तपासून अगदी सरळ उभी करावी. तिचा जमिनीवरचा भाग एक मीटर भरला पाहिजे. तिच्या बुडाभोवती वर्तुळ काढून सकाळी व दुपारी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुणा कराव्यात. त्या खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. शंकूची, म्हणजे सावली मोजण्यासाठी उभ्या केलेल्या काठीची, ही जुनी रीत होकायंत्रापेक्षा अधिक नेमकी दिशा देते. दिवसभरात सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, ती पृथ्वीच्या परिवलनामुळे.

आता दररोजची सर्वांत आखूड सावली मोजावी. नाशिकचे रेखांश सुमारे ७३.८ अंश पूर्व असून भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून ठरते, म्हणून येथील मध्यान्ह घड्याळाच्या बारापेक्षा सरासरी ३५ मिनिटे उशिरा येते. वर्षभरात ही वेळ नोव्हेंबरच्या आरंभी साधारण १२ वाजून १८ मिनिटे, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत सरकते. बारा वाजता मोजमाप घेऊन मोकळे होऊ नये. नाशिकचे अक्षांश सुमारे २० अंश उत्तर असल्याने एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला सुमारे ९५ सेंटीमीटर, २१ मार्चला सुमारे ३६ सेंटीमीटर आणि २० मेच्या आसपास जवळपास शून्य भरते. २१ जूनला ती सुमारे ६ सेंटीमीटरची, पण काठीच्या दक्षिणेला पडते. जुलैच्या २३-२४ तारखेला पुन्हा शून्य सावलीची वेळ येते. त्या दिवसांत नाशिकला ढगच अधिक, त्यामुळे मेमधील संधी दवडू नये. हा महिन्यामहिन्याचा बदल परिभ्रमणाचा आहे, आणि तो दिसतो याचे कारण बाणाच्या भाषेत असे सांगता येईल: पृथ्वीचा २३.४ अंशांनी कललेला आस सूर्याभोवतीच्या संपूर्ण फेरीत जवळपास एकाच दिशेला रोखलेला राहतो, त्यामुळे उत्तर गोलार्ध कधी सूर्याकडे झुकलेला असतो, कधी त्याच्यापासून दूर.

याहून सोपा आणि मला अधिक आवडणारा प्रयोग रात्रीचा आहे. हिवाळ्यात व्याधासारखा ठळक तारा निवडावा; ग्रह घेऊ नये. भिंतीवर खूण करून रोज डोळा त्याच जागी ठेवावा आणि तो तारा शेजारच्या इमारतीच्या टाकीआड कोणत्या मिनिटाला जातो, ते लिहावे. तारा टाकीआड जातो, ते परिवलनामुळे. दुसऱ्या दिवशी तो सुमारे चार मिनिटे आधी जातो, पंधरा दिवसांनी सुमारे एक तास आधी. हे लवकर जाणे परिभ्रमणामुळे. पृथ्वी कक्षेत रोज जवळपास एक अंश पुढे जाते आणि तेवढेच अधिक वळायला तिला चार मिनिटे लागतात.

सातवी पायरी: वेग लिहिताना

परिवलनाचा वेग फेऱ्यांत किंवा अंशांत सांगावा, कारण वस्तूच्या सर्व भागांसाठी तोच सारखा असतो. मिनिटाला ३५० फेरे घेणाऱ्या १,२०० मिलिमीटरच्या पंख्याचे टोक सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ७९ किलोमीटर वेगाने जाते, तर आसापासून २० सेंटीमीटरवरचा भाग त्याच्या एक तृतीयांश वेगाने. त्याचप्रमाणे विषुववृत्तावरील जागा परिवलनामुळे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर जाते आणि नाशिक सुमारे १,५७० किलोमीटर. परिभ्रमणाचा वेग वेगळा: पृथ्वी कक्षेत सेकंदाला सरासरी २९.८ किलोमीटर जाते. या दोन वेगांची तुलना करून ‘पृथ्वी कोणत्या गतीने जास्त फिरते’ असा प्रश्न विचारू नये. त्याला अर्थ नाही.

दोन गतींचा मेळ कसा उपयोगी पडतो, ते छतावरच्या डिश अँटेनात दिसते. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून २३ तास ५६ मिनिटांत पृथ्वीभोवती परिभ्रमण करतो. त्याचे परिभ्रमण आणि पृथ्वीचे परिवलन एकाच कालावधीचे व एकाच दिशेचे असल्याने नाशिकमधील डिश दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे रोखून एकदा घट्ट केली, की पुन्हा वळवावी लागत नाही.

गुरूचा अभ्यास: ज्यांना वर्षभर चिकाटी आहे त्यांच्यासाठी

नाशिकमध्ये एका परिभ्रमणाला सर्वांत मोठे स्थान आहे, ते गुरूच्या. गुरू सिंह राशीत आला की येथे आणि त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. २००३, २०१५ आणि आता २०२७ ही त्याची वर्षे. गुरू स्वतःभोवती दहा तासांहूनही थोड्या कमी वेळात फिरतो, पण सूर्याभोवती फिरायला त्याला सुमारे ११.८६ वर्षे लागतात. बारा वर्षांना हे थोडे कमी पडते आणि सात फेऱ्या ८४ ऐवजी ८३ वर्षांतच पूर्ण होतात. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराव्या वर्षी, २०२१ मध्ये भरला, तो याचमुळे.

महिन्यातून एकदा गुरूचे स्थान जवळच्या ताऱ्यांसह वहीत रेखाटावे. वर्षभरात तो सरासरी ३० अंश, म्हणजे साधारण एक रास, पूर्वेकडे सरकतो. मात्र मधल्या सुमारे चार महिन्यांत तो ताऱ्यांमध्ये उलटा सरकताना दिसेल. ही वक्री गती गुरूची नसते; आतल्या कक्षेतून अधिक वेगाने जाणारी पृथ्वी त्याला मागे टाकत असते, तेव्हा आपल्याच परिभ्रमणामुळे तसे भासते. त्या महिन्यांच्या नोंदी चुकल्या असे समजून खोडू नयेत. त्या वेगळ्या रंगाने लिहाव्यात आणि गुरूचे सरासरी सरकणे काढताना एका वक्रीपासून पुढच्या वक्रीपर्यंतचा, म्हणजे सुमारे १३ महिन्यांचा पूर्ण काळ हिशेबात धरावा.